चेतक, पल्सर आणि पुन्हा चेतक: मुरलेल्या कंपन्यांना मुळापासूनचा बदल का जड जातो?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात मी २२ वर्षं काढली. टू-स्ट्रोक इंजिनाच्या (पिस्टनच्या दोन धावांत एक चक्र पुरं करणाऱ्या) स्कूटरचे सिलिंडर आम्ही स्पेअरच्या बाजारासाठी करायचो. आता इंजिनिअरिंगची मुलं, व्यवस्थापन शिकणारे आणि वडिलांचा कारखाना हातात घेतलेले तरुण भेटतात, तेव्हा फिरून फिरून तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हा प्रपंच. उदाहरण मुद्दाम आपल्या अंगणातलं, पुण्याच्या बजाज ऑटोचं घेतलं आहे, कारण ते मी रस्त्यावर, गॅरेजात आणि शॉपफ्लोअरवर घडताना पाहिलं.

मुळापासूनचा बदल म्हणजे नेमकं काय? सुधारणा तर प्रत्येक कंपनी करतच असते.

करते, आणि मन लावून करते. स्कूटरला इंडिकेटर आले, बारा व्होल्टची वायरिंग आली, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं आणि ठिणगी पाडणारे सीबी पॉइंट घासत बसायची कटकट गेली. पण हे सगळं त्याच कारखान्यात, त्याच माणसांच्या हातून झालं आणि त्याच डीलरकडे विकलं गेलं. मुळापासूनचा बदल ओळखायची माझी खूण वेगळी आहे. तो येतो तेव्हा कंपनीतल्या कुणाचं तरी आयुष्यभराचं कसब बिनकामाचं होतं. ज्या सुधारणेने कुणाचीच झोप उडत नाही, ती कितीही चांगली असली तरी जुन्याच घराची रंगरंगोटी असते.

यासाठी बजाजचंच उदाहरण का?

कारण एकाच कंपनीच्या आयुष्यात ही गोष्ट तीन वेळा घडली आणि तिन्ही वेळा वेगळी घडली. स्कूटरकडून मोटरसायकलकडे जायला उशीर झाला. मग स्कूटर सोडायची घाई झाली, निदान मला तसं वाटतं. आणि शेवटी विजेवरची स्कूटर आणताना कंपनीने वेगळी वाट धरली. एखादी कंपनी बुडाली की तिच्यावर बोलणं सोपं असतं. बजाज ऑटो बुडाली नाही, म्हणून तिच्याकडून शिकण्यासारखं जास्त आहे.

चेतक इतकी मोठी का झाली?

इटलीच्या पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये कंपनीने स्वतःच्या नावाने चेतक आणली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव. तो परवाना राज्याचा काळ होता. वर्षाला किती गाड्या करायच्या, हे सरकार ठरवायचं. मागणी अफाट आणि पुरवठा बांधलेला, त्यामुळे काही जणांना नंबर लागायला दहा-दहा वर्षं थांबावं लागलं. लग्नाच्या बोलाचालीत स्कूटरच्या बुकिंगचा कागद वजन ठेवून असायचा.

गाडी होतीही तशीच. पत्र्याची, दणकट, मागे स्टेपनी, बाजूला डिकी. सकाळी सुरू झाली नाही तर स्वतःकडे आडवी करायची, पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत उतरू द्यायचं, सरळ करून किक मारायची. पुढे हँडलला धरून उभा मुलगा, मागे बायको, तिच्या मांडीवर धाकटी. हे दृश्य ज्याच्या लहानपणात नाही असा माझ्या वयाचा पुणेकर विरळा.

मोटरसायकलची लाट येतेय हे कंपनीला दिसलंच नाही का?

दिसलं होतं. हा या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज आहे. हिरो आणि होंडा यांची संयुक्त कंपनी १९८४ ची, तिची सीडी १०० रस्त्यावर आली १९८५ मध्ये. बजाजने जपानच्या कावासाकीशी हातमिळवणी केली तीही त्याच सुमारास, आणि केबी १०० ही मोटरसायकल १९८६ मध्ये बाजारात आलीसुद्धा. १९९१ मध्ये फोर-स्ट्रोक इंजिनाची (पिस्टनच्या चार धावांचं चक्र) फोर-एस चॅम्पियन आली. म्हणजे माहिती होती, पैसा होता, जपानी तंत्रज्ञानही दारात होतं.

तरी २००१ च्या सुमारास देशातली पहिल्या क्रमांकाची दुचाकी कंपनी हे स्थान हिरो होंडाकडे गेलं. मधल्या १५ वर्षांत घोडं कुठे अडलं, हा खरा प्रश्न.

मग अडलं कुठे?

याचं उत्तर मी बजाजच्या बोर्डरूममधून देऊ शकत नाही, मी तिथे नव्हतो. आमच्या शॉपमधून देतो. माझ्या मते गोष्ट एकच आहे, फक्त शून्यं कमी.

टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. एक्झॉस्टचा पोर्ट, ट्रान्सफरचे पोर्ट. पिस्टनची रिंग दर फेरीला या खिडक्यांवरून जाते. खिडकीची कड धारदार राहिली तर रिंग अडकते, तुटते आणि इंजिन जाम होतं. म्हणून बोअर मारून (आतलं भोक कापून), होनिंग करून (ते घासून गुळगुळीत करून) झालं की प्रत्येक पोर्टच्या कडा हाताने मोडाव्या लागतात. फार मोडल्या तर पोर्ट उघडण्या-मिटण्याची वेळ बदलते आणि गाडी ओढत नाही. आमच्याकडे एक वयस्कर कारागीर होते. ते डोळे मिटून आत करंगळी फिरवायचे आणि सांगायचे, "डावीकडचा अजून बोलतोय." मग कानस घेऊन दोन हात मारायचे. त्यांच्या हातचा सिलिंडर परत आल्याचं मला आठवत नाही. कारखान्याची सगळी पत त्या करंगळीवर उभी होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एक गिऱ्हाईक फोर-स्ट्रोकच्या सिलिंडर हेडचं काम घेऊन आलं. फोर-स्ट्रोकच्या सिलिंडरला पोर्टच नसतात. सगळी करामत वर हेडमध्ये: व्हॉल्व्ह, त्यांच्या सीट, कॅमशाफ्ट. त्यासाठी नवीन मशीन लागणार, नवीन गेज लागणार, माणसं पहिल्यापासून शिकवायला लागणार. साहेबांनी (मालकांना आम्ही साहेबच म्हणायचो) रात्री बसून हिशोब केला. सिलिंडरची लाइन तीन पाळ्यांत चालू होती, मशीनचं कर्ज फिटलेलं होतं, प्रत्येक नगामागे हमखास चार पैसे सुटत होते. हेडच्या कामात पहिली दोन वर्षं तोटा आणि पुढची ऑर्डर मिळेल याची खात्री नाही. साहेबांनी नम्रपणे नाही म्हटलं. मी त्या वेळी शेजारीच बसलो होतो आणि मलाही ते शंभर टक्के पटलं होतं.

त्या हिशोबात बेरीज-वजाबाकी चुकली नव्हती. चूक मांडणीत होती. नव्या कामाची तुलना साहेबांनी आजच्या भरभराटीच्या कामाशी केली. आणखी दहा वर्षांनी त्या भरभराटीचं काय होणार, हा रकानाच कागदावर नव्हता. मोठ्या कंपनीत हाच कागद पन्नास पानांचा असतो, त्यावर चार खात्यांच्या सह्या असतात, आणि तो रकाना तिथेही बहुतेक वेळा नसतो.

त्यात भर स्पेअरच्या बाजाराची. नव्या स्कूटर कमी विकल्या जाऊ लागल्या तरी रस्त्यावरच्या लाखो जुन्या स्कूटरना सिलिंडर-पिस्टन लागतच होते. उलट गाड्या म्हाताऱ्या होतील तसे जास्त लागले. त्यामुळे बाजार पालटल्यावरही आमची विक्री काही वर्षं वाढत राहिली. साहेब म्हणायचे, "लोक काहीही बोलोत, आपल्याकडे तर गर्दी आहे." ती गर्दी निरोपाची होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. २००८ पर्यंत दोन पाळ्या बंद झाल्या.

ग्राहकांचं ऐकलं असतं तर कंपनीचा पहिला नंबर टिकला नसता का?

कोणत्या ग्राहकांचं? स्कूटरसाठी नंबर लावून थांबलेल्या माणसाला विचारा, तो स्कूटरच मागणार. त्याला स्टेपनी हवी, डिकी हवी, पुढे मुलाला उभं राहायला जागा हवी. मोटरसायकलमध्ये यातलं काहीच नाही. आपल्या सगळ्यात निष्ठावान गिऱ्हाइकाचं मनापासून ऐकणारी कंपनी नेमकी इथेच फसते.

बदल आणणारा माणूस रांगेत नव्हताच. तो गावात होता. दहा इंची चाकाची स्कूटर शेतरस्त्याच्या खड्ड्यात बसायची, मोटरसायकलचं मोठं चाक त्यातून निघून जायचं. दूध घालणारा दोन्ही बाजूंना कॅन लटकवून रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरायचा, त्याला पेट्रोलचा खर्च जिवाशी होता. स्कूटर लिटरला चाळीसच्या आसपास जायची. हिरो होंडा ऐंशीची जाहिरात करत होती. पुढे गाडीसाठी कर्ज सहज मिळू लागलं आणि नुकती नोकरी लागलेला पोरगाही गिऱ्हाईक झाला. त्याला वडिलांसारखी गाडी नकोच होती.

या लोकांची तक्रार कंपनीकडे कधी आलीच नाही, कारण ते कंपनीचे ग्राहक नव्हते. जो तुमच्या दुकानात शिरतच नाही, त्याचा अर्ज तुमच्या तक्रारपेटीत कसा सापडणार?

मोटरसायकल तर आधीपासून होती. तिला क्रांती कसं म्हणायचं?

मोटरसायकल जुनीच. रॉयल एनफिल्ड, राजदूत, येझदी रस्त्यावर होत्याच. छोटं, कमी पिणारं, धूर न करणारं फोर-स्ट्रोक इंजिन सामान्य माणसाच्या खिशाला परवडणाऱ्या गाडीत आलं, ही नवी गोष्ट होती. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, म्हणून निळा धूर. १९९६ आणि २००० मध्ये प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा त्या धुराचा हिशोब द्यायची वेळ आली. यंत्र म्हणून यात कुणाला अचंबा वाटण्यासारखं फार नव्हतं. पण आकुर्डीतल्या बजाजच्या कारखान्यापासून गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पसरलेल्या स्कूटरच्या संसाराला त्याने मुळापासून हलवलं.

हे फक्त आपल्याकडे झालं का?

नाही. कोडॅकची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण बहुतेक जण ती अर्धीच सांगतात. १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा बनवून दाखवला. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. कंपनीने पुढे या तंत्रावर भरपूर खर्च केला, चांगले सेन्सर केले, डिजिटल कॅमेरेही खपवले. तरी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. फिल्मचा रोल, तो धुण्याची रसायनं आणि फोटोचा कागद यांतून जो नफा सुटायचा, तेवढा नफा डिजिटलमध्ये कुणालाच सुटत नव्हता. नव्या धंद्यात जिंकूनही जुन्या घराचा खर्च भागला नसता. जपानची फुजीफिल्म वाचली ती फिल्म बनवताना कमावलेलं रसायनशास्त्र दुसरीकडे वळवून: टीव्हीच्या पडद्याला लागणारी पातळ फिल्म, औषधं, सौंदर्यप्रसाधनं. आमच्या त्या कारागिराची करंगळी आणखी कुठे उपयोगी पडली असती, हा प्रश्न आम्ही वेळेत विचारला नाही. फुजीने विचारला.

पल्सर मग कशी जमली?

नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर १५० आणि १८० सीसीत आली. तोपर्यंत पहिला नंबर गेलेला होता. कुऱ्हाड खांद्यावर असते तोवर माणूस वाटाघाटी करतो, पायावर पडली की धावतो.

पण फक्त घाबरून गाडी बनत नाही. मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, चाकणचा कारखाना. तो १९९९ मध्ये सुरू झाला. नवी जागा, नवी लाइन, आणि स्कूटरची सवय नसलेली तरुण माणसं. दुसरी, राजीव बजाज यांच्यासारखा माणूस. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल, मग इंग्लंडचं वॉरविक विद्यापीठ, आणि १९९० पासून कंपनीत. ते मालकांचे, म्हणजे राहुल बजाज यांचे, चिरंजीव होते, त्यामुळे जुन्या वैभवाविरुद्ध बोलल्याबद्दल त्यांची नोकरी जाणार नव्हती. पगारदार मॅनेजरला ही सोय नसते, हे विसरू नये. तिसरी आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हिरो होंडाच्या मागे धावून कंपनीने आणखी एक मायलेजची गाडी काढली नाही. तिने जास्त ताकदीची, अंगाने भरलेली गाडी काढली, जिचा बाजार तेव्हा जेमतेम होता. शर्यत हरतोय असं दिसल्यावर मैदान बदललं.

याची किंमतही सांगायला हवी. आकुर्डीत स्वेच्छानिवृत्ती योजना आल्या. २००५-०६ च्या सुमारास चेतक बंद झाली आणि २००७ मध्ये आकुर्डीतलं वाहनांचं उत्पादनच थांबलं. निगडी-आकुर्डीच्या कित्येक घरांत त्या वर्षी काय वाढून ठेवलं होतं, ते मी पाहिलं आहे. पन्नाशीच्या माणसाने पाकीट घेऊन घरी यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने सहाला उठून बसायचं. यशोगाथा सांगणारे हा भाग गाळतात. तो गाळला की पुढच्या वेळी बदलाला विरोध का होतो, हे कुणालाच कळत नाही. विरोध करणारी माणसं मूर्ख नसतात, त्यांना बिल कुणाच्या नावाने फाटणार हे ठाऊक असतं.

डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने स्कूटर कायमची सोडायचं ठरवलं. ते बरोबर होतं का?

यावर पुण्यात आजही दोन तट पडतात. खुद्द राहुल बजाज यांनी आपल्याला तो निर्णय रुचला नसल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. वडिलांनी उभी केलेली वस्तू मुलाने बंद करायची आणि दोघांनी ते चारचौघांत मान्य करायचं, हे आपल्याकडच्या घराण्यांत क्वचित दिसतं.

राजीव बजाज यांचं म्हणणं असं की कंपनीने सगळ्यांसाठी सगळं करू नये, जगात मोटरसायकलसाठी ओळखलं जावं. म्हणणं तर्काला धरून होतं आणि निर्यातीत त्याचं फळही मिळालं. पण माझं मत विचाराल तर ते मागच्या लढाईचं शहाणपण होतं. स्कूटर म्हणजे जुनं, मोटरसायकल म्हणजे नवं, हा धडा कंपनीने इतका मोठा दाम मोजून शिकला होता की तो धडाही जुना होऊ शकतो याकडे लक्ष गेलं नाही. होंडाने २००१ मध्येच ॲक्टिव्हा आणली होती. गिअर नाही, किक मारायची गरज नाही. मुली, बायका, साठी उलटलेले गृहस्थ, सगळे ती चालवू लागले. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात विकल्या जाणाऱ्या दुचाकींत जवळपास एक तृतीयांश स्कूटर होत्या आणि त्यांत बजाजची एकही नव्हती.

एकदा पोळलेली कंपनी उलट्या बाजूला किती दूर जाते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

गिअर नसलेली स्कूटर आधी कुणी आणलीच नव्हती का?

आणली होती, आणि तीही पुण्याच्याच फिरोदिया या उद्योजक घराण्याने. कायनेटिक होंडा १९८४ सालची. बटण दाबलं की सुरू, गिअर बदलायचे नाहीत. ॲक्टिव्हाच्या सतरा वर्षं आधी! पण चेतकपेक्षा महाग, पेट्रोल जास्त, आणि गॅरेजवाले तिला हात लावायला बिचकायचे. १९९८ मध्ये होंडा त्या भागीदारीतून बाहेर पडली आणि तीन वर्षांत स्वतःची ॲक्टिव्हा घेऊन आली. म्हणून नवं आणणारा नेहमी जिंकतो, या भ्रमातही राहू नये. रस्ता, पेट्रोलचा भाव, मेकॅनिकचा हात आणि बाईने गाडी चालवण्याकडे बघण्याची समाजाची नजर, हे सगळं पिकावं लागतं.

विजेवरची चेतक आणताना काय वेगळं केलं?

ऑक्टोबर २०१९ मध्ये ती दाखवली आणि जानेवारी २०२० मध्ये पुणे आणि बंगळुरूत बुकिंग सुरू झालं. किंमत एक लाखापासून. सुरुवातीला ती बजाजच्या नेहमीच्या शोरूममध्ये नव्हती, केटीएम या बजाजच्या भागीदार मोटरसायकल कंपनीच्या निवडक डीलरकडे होती. हा तपशील लहान वाटतो, पण माझ्या मते तोच कळीचा आहे. ज्या डीलरचं पोट सर्व्हिसिंग, ऑइल आणि फिल्टरवर चालतं, त्याच्या हातात ऑइल न लागणारी गाडी दिली तर तो ती कोपऱ्यात उभी करतो. गिऱ्हाईक आलं की म्हणतो, "घ्या, पण चार्जिंगचं बघा बुवा." एका वाक्यात विक्री मोडते आणि कंपनीच्या कोणत्याच अहवालात त्याची नोंद होत नाही.

पुढे यासाठी चेतक टेक्नॉलॉजी ही वेगळी उपकंपनी निघाली आणि जून २०२२ मध्ये राहुल बजाज यांच्या जन्मदिनी आकुर्डीत तिचा कारखाना सुरू झाला. ते त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते. जिथून जुनी चेतक निघायची, त्याच आकुर्डीतून नवी निघू लागली. बातमी वाचली त्या दिवशी मी मुद्दाम त्या रस्त्याने घरी गेलो.

सुरुवात मात्र फार संथ होती. कोविड, सुट्या भागांची टंचाई, आणि हात राखून केलेली विक्री. बंगळुरूची एथर २०१३ पासून याच कामात होती आणि २०१८ पासून गाड्या देत होती. ओलाने २०२१ मध्ये गाजावाजात उडी घेतली. बजाज मागे पडली असं सगळे म्हणत असताना डिसेंबर २०२४ च्या नोंदणीत विजेवरच्या स्कूटरमध्ये चेतक पहिल्या क्रमांकावर होती. पत्र्याची बॉडी, गावोगावचं जाळं, दुरुस्तीची सोय: मुरलेल्या कंपनीचं जुनं बळ अशा वेळी उपयोगी पडतं, फक्त नव्या गाडीला आधी आपल्या पायावर उभं राहू द्यावं लागतं.

वेगळी कंपनी काढली की प्रश्न सुटतो का?

आपोआप नाही. वेगळं खातं काढून त्यात कुणाला नको असलेली माणसं भरली, आणि दर तिमाहीला जुन्या धंद्याच्या नफ्याशी त्याची तुलना केली, तर ते खातं दोन वर्षांत मिटतं. होंडापासून वेगळ्या झालेल्या हिरोने दुसरा मार्ग घेतला. २०१६ मध्ये एथरमध्येच पैसे घातले आणि २०२२ मध्ये विडा नावाने स्वतःची विजेवरची स्कूटरही आणली. दोन्ही दगडांवर पाय वाटतो, पण भविष्य धूसर असताना तो शहाणपणाचा असू शकतो.

आपली कंपनी याच वाटेवर आहे हे आतल्या माणसाने कसं ओळखावं?

आकडे तेव्हा चांगलेच दिसत असतात, त्यामुळे आकड्यांवरून कळत नाही. मी माणसांच्या बोलण्याकडे कान द्यायला सांगतो. विक्रीतला माणूस "ते आपलं गिऱ्हाईक नाही" असं वारंवार म्हणू लागला की सावध व्हावं. नवीन कल्पनेवर "आपल्या मशीनवर होईल का?" हा पहिला प्रश्न येत असेल तर मशीन तुम्हाला चालवतंय. धाडसी काम नेहमी सगळ्यात नवख्या पोराकडे जातं का आणि चांगली माणसं कुठे ठेवली जातात, हेही बघा. आणि स्पेअरची विक्री नव्या मालापेक्षा वेगाने वाढत असेल, तर आमच्या साहेबांची गर्दी आठवा.

विजेवरच्या गाड्यांमुळे भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांचं काय होणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि विचारणाऱ्याचा चेहरा बघवत नाही. सिलिंडर, पिस्टन, रिंग, क्रँक, कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, क्लच, गिअरबॉक्सचे बरेच दात, कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टर, सायलेन्सर, स्पार्क प्लग: हे विजेच्या स्कूटरमध्ये नसतं. चासी, सस्पेन्शन, ब्रेक, चाकं, दिवे, सीट, पत्रा, प्लास्टिक हे राहतं. मोटर, कंट्रोलर, बॅटरी पॅक आणि जाडजूड वायरिंग हे नवं येतं. पण सगळं एका रात्रीत पालटणार नाही. पेट्रोलची गाडी अजून बरीच वर्षं विकली जाईल, आणि जुलै २०२४ मध्ये बजाजनेच जगातली पहिली सीएनजी मोटरसायकल आणली, म्हणजे इंजिनावरची वाटही संपलेली नाही.

मला भेटायला येणाऱ्या तरुण मालकांना मी एकच काम सांगतो. एक कोरा कागद घ्या. डावीकडे आपण करतो ते भाग लिहा आणि प्रत्येकापुढे तो भाग विजेच्या गाडीत आहे की नाही ते लिहा. मग कागद उलटा करा आणि भाग विसरून आपले हात काय जाणतात ते लिहा: किती मायक्रॉनपर्यंत बोअर मारता येतो, ॲल्युमिनियमचं कास्टिंग न तडकता धरता येतं का, पातळ भिंतीचा नग गोल राखता येतो का. मोटरच्या कवचालाही गोल बोअर लागतो आणि बेअरिंगच्या सीटला तीच नजर लागते. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा असा कागद भरून घेऊन आला. पहिल्या पानावर अकरा भाग होते आणि नऊंवर काट. मागच्या पानावर सात ओळी होत्या. आम्ही दोघं त्या सात ओळींवर दुपारी चारपर्यंत बसलो, आणि दुसऱ्या दिवशी तो चाकणला मोटर बनवणाऱ्या एका कारखान्यात नमुन्याचा नग घेऊन गेला.